‘आमाले काय समजते त्यातलं’

पत्र:

मावशी, नमस्कार. मी पुण्याची, नवरा अकोल्याचा, लग्नाला ९ वर्षं झाली. सासूबाई अकोल्यातच मोठ्या दिरांकडे असतात. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेत, ऑपरेशनचं घाटतंय आणि घरच्या ग्रूपवर त्याचीच चर्चा चालू होती. मी चार दिवस खपून पुण्यातल्या तीन हॉस्पिटलांची माहिती काढली, खर्च, रूम, इम्प्लांट, इन्शुरन्समध्ये किती बसतं, सगळं एक्सेलमध्ये टाकलं आणि ग्रूपवर पाठवलं. खाली लिहिलं की गावाकडे एवढी सोय होणार नाही, आईंना इकडेच आणू. त्यावर मोठ्या जाऊबाईंचा (आम्ही ताई म्हणतो) मेसेज आला, ‘तूच ठरवजो मंग बाई, आमाले काय समजते त्यातलं.’ इतकं लागलं ना मला! मी लिहिलं, ‘मी एकटीनेच ठरवायचं असेल तर चर्चा कशाला करायची? असो.’ त्यावर त्यांचं नुसतं ‘बरं.’ पूर्णविरामासकट. दिरांनी अंगठा टाकला. तीन आठवडे झाले, कोणी कोणाशी बोलत नाही, ऑपरेशन तिथेच अडकलंय. नवरा म्हणतो तुम्ही दोघी बघा काय ते. स्क्रीनशॉट आणि ती एक्सेल फाइल सोबत पाठवतेय. टोमणाच आहे ना हा? आणि दर वेळी मीच का समजून घ्यायचं?
– एक धाकटी जाऊ

उत्तर:

अगं धाकटे,

स्क्रीनशॉट पाठवलास ते फार बरं केलंस, नाहीतर तुझं पत्र वाचून मी पण दोन मिनिटं चिडलेच होते, चार दिवस खपून पोरीने माहिती काढायची आणि वर हे ऐकून घ्यायचं म्हणजे काय. मग चष्मा लावला आणि स्क्रीनशॉट वरपासून वाचला. त्यात एक मेसेज आहे, तुझ्या पत्रात त्याचं नावच नाही.

संध्याकाळी ७ वाजून १० मिनिटांनी ताईंनी लिहिलंय, ‘डॉक्टर म्हणते का साखर कमी झाल्याबिगर ऑपरेशन नाही होत. आज २४० आली.’ त्याच्याखाली कोणाचंच काही नाही. तुझं नाही, तुझ्या नवऱ्याचं नाही, नणंदेचं नाही, एक साधा ‘अरे बापरे’ पण नाही. अर्ध्या तासाने थेट तुझं एक्सेल. आणि मग पावणेदहाला ते ‘आमाले काय समजते त्यातलं’.

आता हे असं लागोपाठ वाच आणि मला सांग.

टोमणा असेलही, मी नाही म्हणत नाही. आपल्या भाषेत टोमणा ही काय नवीन गोष्ट आहे का, ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण आपल्याच घरांत तयार झालीये, आणि ती सुनेसाठीच झालीये. पण त्या वाक्याचे मला तरी तीन अर्थ लागतात आणि तू उत्तर दिलंस ते फक्त तिसऱ्याला.

पहिला अर्थ अगदी शब्दशः. ‘त्यातलं’ म्हणजे कशातलं? एक्सेलमधलं! मी तुझी फाइल माझ्या फोनवर उघडली. १७ कॉलम आहेत गं. डावीकडून तीन दिसतात, चौथ्याचं नाव ‘इम्प्ला’ एवढंच दिसतं, बोटाने सरकवायला गेलं की ओळ वर जाते आणि आपण कुठल्या हॉस्पिटलात होतो तेच कळत नाही. मी जन्मभर बँकेत आकडेच बघितलेत तरी मला त्यातलं काही समजलं नाही, त्या बाईंनी ‘समजत नाही’ लिहिलं तर ते खरंही असू शकतं ना? माणसं कधीकधी जे म्हणायचंय तेच म्हणतात. आपण शिकलेले लोक ही शक्यता सगळ्यात शेवटी धरतो.

दुसरा अर्थ त्या ७:१० च्या मेसेजमध्ये आहे. साखर आटोक्यात नसताना डॉक्टर सहसा अशा ऑपरेशनला हात लावत नाहीत, जखम भरायला वेळ लागतो, इन्फेक्शनची भीती असते. म्हणजे त्या दिवशी ग्रूपवर सगळ्यात कामाची माहिती कोणी दिली असेल तर ती ताईंनी, कारण ऑपरेशन पुण्यात करा नाहीतर अमेरिकेत, साखर उतरेपर्यंत तारीखच मिळणार नाहीये. ती माहिती कोणी वाचलीसुद्धा नाही. वर ‘गावाकडे एवढी सोय होणार नाही’. अगं, अकोल्याला गाव काय म्हणतेस, जिल्ह्याचं ठिकाण आहे, महानगरपालिका आहे, सरकारी मेडिकल कॉलेज आहे, कृषी विद्यापीठ आहे. तू सहज लिहिलंस, मला माहितीये, पुण्यात आपण नवऱ्याच्या घराला सरसकट ‘गावी’ म्हणतोच. पण जी बाई सासूला दर महिन्याला डॉक्टरकडे घेऊन जाते, साखर मोजते, पथ्याचं करून वाढते, तिने ते कसं वाचलं असेल? ‘आमाले काय समजते’ म्हणजे मग ‘मी सांगितलेलं तुम्ही वाचलंच नाही, ठरवा तुमचं तुम्ही’. हा टोमणा नाही, ही तक्रार आहे. आणि रास्त आहे.

तिसरा अर्थ तुला माहितीच आहे, त्यानेच तीन आठवडे झोप उडवलीये.

ह्यातला खरा कुठला? मला माहीत नाही. तुलाही नाही. तुमच्या घरात ते फक्त एका माणसाला माहितीये आणि तिला कोणी विचारलेलंच नाही.

माझीच एक फजिती सांगते. १९९१ साली मी ठाण्याहून बदली होऊन कोल्हापूरकडच्या एका शाखेत गेले. पहिलाच आठवडा, काउंटरवर ही गर्दी, साडेबारा वाजलेले, एक आजोबा पासबुक पुढे सरकवून म्हणाले, ‘काय वो बाई, जेवलासा का?’ मला वाटलं, हा मला ऐकवतोय, की लाइन लागलीये आणि तुमचं लक्ष डब्याकडे. मी तोंड टाकलं, म्हटलं तुमचं काम झाल्याशिवाय नाही जाणार जेवायला, काळजी करू नका. आजोबा गप्प. पासबुक घेतलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि गेले. आमचा शिपाई मागून हळूच म्हणाला, ‘म्याडम, त्यांनी जेवलासा का इचारलं. जेवू नगा म्हटलं न्हाई.’ तिकडे तो नमस्कार आहे गं! राम राम म्हणतात तसं ‘जेवलासा का’ म्हणतात. मी नमस्काराला शिवी समजून उत्तर दिलं. ते आजोबा नंतर मी असेपर्यंत कायम शेजारच्या काउंटरलाच उभे राहिले, तिकडे लाइन मोठी असली तरी. माझ्याकडे यायला घाबरत होते का चिडले होते हे विचारायचं मला कधी सुचलंच नाही, आणि अजून आठवलं की कसंतरी होतं.

तुझ्याही बाबतीत थोडं भाषेचं आहेच. ‘ठरवजो’ तुला हुकमासारखं लागलं असणार. पण वऱ्हाडात येजो, सांगजो, करजो म्हणजे आत्ताच्या आत्ता कर असं नाही, पुढे, सवडीने, तुला जमेल तेव्हा. पाहुणा निघाला की ‘येजो बरं’ म्हणतात त्यात किती माया असते ते अकोल्यात ९ दिवाळ्या काढल्यास म्हणजे तू ऐकलेलं असणार. तसंच ते क्रियापदाच्या शेवटचा ‘स’ सोडतात, ‘तू काय केलं’, ‘तू कवा आली’, आपल्या पुणेरी कानाला ते तोडून बोलल्यासारखं वाटतं, आणि त्यांना आपलं ‘केलंस, आलीस’ शाळेतल्या बाईंसारखं वाटतं. समोरासमोर असताना आवाज असतो, हसू असतं, हातात चहाचा कप असतो. मेसेजमध्ये हे सगळं गळून पडतं, उरतात नुसते शब्द, आणि त्यांना आवाज आपण देतो. त्या दिवशी तू चार दिवसांची दमलेली होतीस, तर तू त्यांना कुठला आवाज दिला असशील?

‘ध चा मा’ आपण येताजाता म्हणतो. नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला तो ३० ऑगस्ट १७७३ ला, आणि गोष्ट अशी सांगतात की पत्रात ‘धरावे’ होतं त्याचं आनंदीबाईंनी ‘मारावे’ केलं. कथा खरी का खोटी ते सोड. पण त्यात निदान पत्रावर दुसऱ्या कोणाचा तरी हात फिरला होता. आपल्या फोनवर तर मधे कोणी येतच नाही, समोरचा ध लिहितो, तो ध म्हणूनच पोचतो, आणि आपण वाचताना मा वाचतो. मग आनंदीबाई कोण?

आणि हे काय मोबाइल आल्यावर सुरू झालेलं नाही. आपल्याकडे न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, भांडायचे, म्हणजे चर्चेचे, तीन प्रकार सांगितलेत. वाद, जल्प आणि वितंडा. खरं काय ते दोघांनाही शोधायचंय तो वाद, काहीही करून जिंकायचंय तो जल्प, आणि स्वतःचं काही म्हणणं नाही, फक्त दुसऱ्याचं पाडायचंय ती वितंडा. ‘वितंडवाद घालू नकोस’ म्हणतो ती हीच. त्यातच ‘छल’ म्हणून एक प्रकार आहे, म्हणजे बोलणाऱ्याच्या शब्दाचा त्याला नको असलेला अर्थ घ्यायचा आणि त्यावर त्याला धरायचं. उदाहरण इतकं मजेशीर आहे. कोणीतरी म्हणतो, हा मुलगा ‘नवकंबल’ आहे, म्हणजे ह्याच्या अंगावर नवी घोंगडी आहे. दुसरा म्हणतो, खोटं बोलतोस, नऊ कुठेत, एकच तर दिसतेय! कारण नव म्हणजे नवा पण आणि नऊ पण. वाचताना हसू येतं, पण आपल्या घरातली निम्मी भांडणं ही घोंगड्या मोजण्याचीच असतात. ताई म्हणाल्या ‘तूच ठरवजो’, तू लिहिलंस ‘मी एकटीनेच ठरवायचं असेल तर’. एकटीने हा शब्द त्यांचा नाही, तुझा आहे. बघ परत स्क्रीनशॉट.

ह्याच जुन्या लोकांची दुसरी पद्धत म्हणजे पूर्वपक्ष. आपलं उत्तर द्यायच्या आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं, आणि ते लेचंपेचं करून नाही, चांगलं भक्कम मांडायचं, की तो पण म्हणेल हो, मला हेच म्हणायचं होतं. मला वाटतं तुझ्या ‘मीच का समजून घ्यायचं’चं उत्तर इथे आहे. समजून घेणं म्हणजे गोड अर्थ लावून गिळणं असं आपल्याला, विशेषतः बायकांना, शिकवलेलं असतं. जाऊ दे, मोठ्या आहेत, मनाने चांगल्या आहेत. मी तुला तसलं काही सांगत नाहीये. ‘बिचाऱ्या साध्या आहेत, त्यांना तसं म्हणायचं नसेल’ हे तर टोमण्यापेक्षा वाईट, त्यात त्यांना आपण खालीच बसवतो. मी म्हणतेय गोड अर्थ नको, शहाणा अर्थ लाव. ही बाई माझ्याइतकीच हुशार आहे, तिला कारण असल्याशिवाय ती बोलणार नाही, असं धरून तेच वाक्य परत वाच. मग तुला ७:१० चा मेसेज आपोआप दिसतो. साखर दिसते. आणि अजून एक गोष्ट दिसते, तुझ्या १७ कॉलममध्ये ऑपरेशननंतर आईंना उठवणार कोण हा कॉलम नाही.

गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये बहुतेक ठिकाणी दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं करतात, त्यानंतर कित्येक आठवडे व्यायाम असतो, उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, संडास कमोडचाच लागतो, रात्री दोनदा उठायचं झालं तर कोणीतरी जवळ लागतं. तुम्ही दोघं नोकरीवर. पुण्यात आणलं तर हे कोण करणार? आणि अकोल्यात केलं तर कोण करणार हे तर कोणी विचारतसुद्धा नाही, कारण उत्तर सगळ्यांना माहितीये. ताईंना पण.

आता टोमणाच असला तर? तोही विचार करू. ९ वर्षांचा अनुभव तुझ्याकडे आहे. ताई नेहमी चारचौघांत असं बोलतात का, तुझ्या शिक्षणावर, पुणेरीपणावर, दर सणाला काहीतरी येतं का? येत असेल तर तुझं चिडणं अगदी बरोबर आहे आणि ते एकदा शांतपणे तोंडावर बोलायलाच हवं. पण पत्रात तू ह्या एका वाक्याशिवाय दुसरं एकही उदाहरण दिलेलं नाहीस, आणि चिडलेलं माणूस उदाहरणं देताना हात आखडत नाही गं, आमच्याकडे येणारी पत्रं बघशील तर चार-चार पानं नुसती उदाहरणं असतात. शिवाय टोमण्याची एक गंमत असते, तो लागला तरच टोमणा. टोमणा मारणाऱ्याला कायम ‘मी कुठे तुला म्हटलं’ म्हणून मागे सरकायला जागा हवी असते, आणि आपण उसळलो की ती जागा आपणच करून देतो. त्या दिवशी तू सरळ लिहिलं असतंस, ‘हो ताई, किचकट झालंय जरा, थांबा साध्या शब्दांत सांगते’, तर त्यांना खरंच समजलं नसतं तर समजलं असतं, आणि टोमणा असता तर तो ग्रूपवर सगळ्यांसमोर फुसका गेला असता. दोन्हीकडून तुझाच फायदा.

त्याऐवजी तू ‘असो’ लिहिलंस. बाई गं, ‘असो’! पुण्याबाहेर कोणालाही विचार, असो म्हणजे दार आपटल्याचा आवाज आहे. तू कदाचित विषय संपवायला लिहिलं असशील, मी पण लिहिते. पण ताईंनी त्याचा शहाणा अर्थ लावावा अशी तुझी इच्छा असेल तर त्यांच्या ‘बरं’चा पण तसाच लावावा लागेल. ‘बरं’ हा तर मराठीतला सगळ्यात बेभरवशाचा शब्द. बरं म्हणजे हो, बरं म्हणजे कळलं, बरं म्हणजे आता मी काय बोलणार, बरं म्हणजे बघून घेईन. पूर्णविरामाचं म्हणशील तर माझ्या पिढीचे लोक सगळीकडेच पूर्णविराम देतात, आम्हाला शाळेत तसं शिकवलंय, त्यात राग नसतो. माझा नातू पण मला विचारतो, आजी चिडलीयेस का. अंगठ्याबद्दल मी बोलतच नाही, दीर लोक मयताच्या बातमीला पण अंगठा टाकतात.

राहता राहिला तुझा नवरा. ह्या सगळ्या प्रकरणात वऱ्हाडीही कळते, पुणेरीही कळते, वहिनीचा स्वभावही माहितीये आणि बायकोचाही, असा एकच माणूस आहे, आणि तो म्हणतो ‘तुम्ही दोघी बघा’. आई कोणाची आहे? त्याला आज रात्री जेवताना तो मेसेज मोठ्याने वाचायला लाव, वहिनी म्हणतील त्या सुरात. तो कसा वाचतो ते ऐक. तेवढ्याने तुझं निम्मं कोडं सुटेल असा माझा अंदाज आहे. आणि ७:१० ला त्याने स्वतः काय केलं ते पण विचार, त्याच्या फोनवर पण तो मेसेज आला होता.

मग ताईंना फोन कर. मेसेज नको, व्हॉइस नोट नको, फोन. दुपारी चारच्या सुमाराला, जेवणखाण आवरून त्या जरा टेकल्या असतील तेव्हा. ‘तुम्हाला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ हे वाक्य अजिबात वापरू नकोस, त्यात माफी कमी आणि ‘तुम्हालाच लागलं’ जास्त असतं. सुरुवात साखरेपासून कर. ‘ताई, आईंची साखर आता किती आहे?’ त्या सांगतील. पाच मिनिटं नुसतं ऐक, मधे हॉस्पिटल काढू नकोस. मग म्हण, ‘त्या दिवशी तुम्ही साखरेचं लिहिलं होतं आणि मी ते न वाचताच माझं रेटलं. तुम्ही लिहिलेलं मला टोमण्यासारखं लागलं म्हणून मी तसं बोलले. तुम्हाला काय म्हणायचं होतं?’ आणि मग गप्प बस. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड आहे, मला अजून जमत नाही. त्या कदाचित म्हणतील, ‘काही नाही वं, ते उघडतच नव्हतं.’ कदाचित म्हणतील, ‘हो, लागलं मले.’ कदाचित काहीच म्हणणार नाहीत आणि आईंच्या हातात फोन देतील. काहीही आलं तरी तुझ्या हातात आत्ता आहे त्यापेक्षा जास्तच असेल.

ऑपरेशन कुठे करायचं ते त्यानंतर. कदाचित पुणेच बरोबर ठरेल, तुझ्या माहितीत दम आहे, तो इन्शुरन्सचा हिशोब तू फार छान केलायस, माझ्या शेजारणीला दाखवला. फक्त परत ती फाइल पाठवू नकोस. एका कागदावर मोठ्या अक्षरात तीन हॉस्पिटलं आणि अकोल्याचं चौथं अशी चार नावं लिही, समोर खर्च आणि आईंजवळ कोण राहणार ते लिही, आणि त्याचा फोटो काढून पाठव. चौथ्या ओळीतलं ताईंना भरायला सांग.

– मावशी